डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीनंतर कोणती नियमपद्धती घ्यावी? एका फसलेल्या चोरीवरून पडलेला प्रश्न

माळवद यांचा प्रश्न

नमस्कार. मी गेली दीड वर्षे पुण्यात पाच मित्रमैत्रिणींसाठी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या पात्रांच्या भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी सलग कथा, चालवत आहे. आम्ही २०१४ सालची नियमपुस्तके वापरतो, एका शनिवाराआड माझ्या घरी संध्याकाळी सहाला बसतो आणि पावणेअकराच्या सुमारास उठतो. बोलणे सारे मराठीत चालते. मंत्रांची आणि नियमांची नावे तेवढी इंग्रजीत राहतात. इतके दिवस कोणाची तक्रार नव्हती, परंतु मागच्या सेशनमध्ये जे घडले त्यामुळे आपण मुळात योग्य नियमपद्धती खेळत आहोत का, हा प्रश्न मला पडला आहे. प्रसंग सविस्तर सांगतो, कारण सल्ला मला त्याच्याच आधाराने हवा आहे.

एका बंदराच्या शहरात एका व्यापाऱ्याच्या गोदामात चोरट्या मालाची खरी खातेवही ठेवलेली आहे आणि पात्रांना ती पळवायची आहे. खेळाडूंनी सव्वा तास बसून बेत आखला. गोदामाचा नकाशा कागदावर काढला, हमालांच्या मुकादमाला पैसे चारून पहारा कधी बदलतो ते काढून घेतले, मागच्या खाडीकडून होडी लावायचे ठरवले. तो सव्वा तास मला फार आवडला. मग पात्रे कुंपणाच्या आत शिरली, मी पाचही जणांना स्टेल्थचा, म्हणजे चोरपावलांनी जाण्याचा, फासा टाकायला सांगितले, चौघांचे जमले आणि जाड चिलखत घातलेल्या पाचव्याचे फसले. पहारेकऱ्याने घंटा वाजवली. अकरा पहारेकऱ्यांशी सव्वाआठला सुरू झालेली लढाई दहा चाळीसला संपली. पात्रे जिंकली, पण होडी, मुकादम, पहाऱ्याची वेळ यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही, आणि खातेवही घ्यायची राहूनच गेली हे आमच्या लक्षात आले ते दुसऱ्या दिवशी.

आमच्यातील दोघांना लढाई मनापासून आवडते आणि ते दोघे त्या रात्री खूश होते. दोघींना कट, वाटाघाटी आणि शहरातील माणसे यांत रस आहे. त्या घरी जाताना काहीच बोलल्या नाहीत. पाचवी खेळाडू नवीन आहे. तिला कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, नेमके कोठे पाहायचे हे अजून शोधावे लागते आणि लढाईत स्वतःची पाळी येईपर्यंत ती वीस-वीस मिनिटे गप्प बसते. माझे प्रश्न दोन आहेत. नियमपद्धती बदलल्याने खेळण्याची शैली खरोखरच बदलते, की सगळे डीएमवर (डन्जन मास्टरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यावर) अवलंबून असते? आणि बदलत असेल, तर हीच चोरी दुसऱ्या कोणत्या पद्धतीत कशी घडली असती?

ओसरी यांचा प्रतिसाद

आधी त्या एका फाशाविषयी लिहितो, कारण तुमचा दुसरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. समजा, प्रत्येक पात्राची सफल होण्याची शक्यता ६५ टक्के होती. पाचही जणांचे एकाच वेळी जमण्याची शक्यता मग सुमारे १२ टक्के उरते. सव्वा तास आखलेल्या बेताला तुम्ही १२ टक्क्यांच्या दारातून जायला लावले. मात्र तुमच्याकडच्याच पुस्तकात गटाने मिळून करायच्या कामासाठी वेगळा नियम आहे: सर्वांनी फासा टाकायचा आणि किमान निम्म्यांचे जमले तर संपूर्ण गटाचे जमले असे धरायचे. त्याच ६५ टक्क्यांवर पाचांपैकी तिघांचे किंवा अधिक जणांचे जमण्याची शक्यता सुमारे ७६ टक्के येते. शिवाय मुकादमाकडून मिळालेल्या माहितीबद्दल तुम्ही सर्वांना अ‍ॅडव्हान्टेज देऊ शकला असता, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. त्याने एकेकाची शक्यता ६५ वरून ८८ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि चिलखतवाल्याचा डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान घ्यायचा) खोडला जातो. हा नियम अनेक डीएमच्या नजरेतून सुटतो आणि मीसुद्धा तो पहिल्या वर्षी वापरला नव्हता. तेव्हा त्या रात्रीचा दोष पूर्णपणे पाचव्या आवृत्तीवर टाकू नये असे मला वाटते.

लढाई अडीच तास चालली, त्याची कारणे मात्र पद्धतीत आहेत. २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडचा हिशेब असा आहे की, दोन दीर्घ विश्रांतींच्या मधल्या एका दिवसात मध्यम किंवा अवघड अशा सहा ते आठ चकमकी व्हाव्यात, आणि मंत्र व विशेष शक्ती त्या सर्वांत पुरवून वापराव्यात. शहरातील कटकारस्थानाच्या कथेत दिवसाला एखादीच लढाई होते. मग प्रत्येक खेळाडूकडे सगळे मंत्र, सगळ्या शक्ती शिल्लक असतात, प्रत्येक पाळीला तो त्यांतून निवड करत बसतो, आणि समोर अकरा वेगवेगळे पहारेकरी असले की डीएमलाही अकरा निर्णय घ्यावे लागतात. तुमची नवी खेळाडू वीस मिनिटे गप्प बसते ती यामुळे.

नियमपद्धतीने शैली बदलते का, या प्रश्नाला माझे उत्तर 'होय' असे आहे. हा खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी छापला, तेव्हा तो 'चेनमेल' या १९७१ च्या मध्ययुगीन युद्धखेळाच्या नियमांतून वाढलेला होता, आणि ते मूळ आजही दिसते. २०१४ चे पुस्तक अन्वेषण, संवाद आणि लढाई असे तीन आधारस्तंभ सांगते. परंतु संवादासाठी त्यात एक-दोन फासे आणि थोडा सल्ला आहे, तर लढाईसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, बहुतेक मंत्र आहेत आणि बहुतेक क्लासच्या, म्हणजे योद्धा, चोर अशा पात्रप्रकारांच्या, बहुतेक शक्ती आहेत. जेथे नियम दाट असतात तेथे टेबलावरचा वेळ आपोआप ओढला जातो, कारण खेळाडू शीटकडे पाहून विचार करतात आणि शीटवर जे लिहिलेले असते तेच त्यांना सुचते. पद्धत महत्त्वाची असते हे मत खेळरचनाकार रॉन एडवर्ड्स यांनी 'द फोर्ज' या संकेतस्थळाच्या काळात फार जोरात मांडले आणि त्यावर बरीच वर्षे वाद झाले. खेळाडूंचे तीन पक्के प्रकार पाडण्याची त्यांची मांडणी मला पटत नाही, कारण तुमची लढाईप्रिय दोघे मंडळी त्या सव्वा तासातही रमली असतील. पण पद्धत खेळाला वळण लावते, हे मूळ म्हणणे मला खरे वाटते.

'पाथफाइंडर' या डी अँड डीसारख्याच खेळाची २०१९ ची दुसरी आवृत्ती मी मुद्दाम सुचवत नाही. प्रत्येक पाळीला तीन कृती देणारी ती रचना त्या दोघांना फार आवडेल, आणि नव्या खेळाडूची अडचण दुप्पट होईल.

घाटवाट यांचा प्रतिसाद

तुमचा प्रसंग वाचून मला राहवले नाही, कारण ज्या खेळासाठी तो जणू लिहिला गेला आहे तो खेळ मी ठाण्यातील आमच्या गटासाठी चौदा सेशन चालवला आहे. जॉन हार्पर यांचा 'ब्लेड्स इन द डार्क' २०१७ मध्ये आला. डॉस्कव्होल नावाच्या अंधाऱ्या, धुरकट शहरातील चोरांची एक टोळी, एवढाच त्याचा विषय आहे, आणि त्यातील प्रत्येक नियम चोरी कशी घडते या एकाच प्रश्नाभोवती रचलेला आहे. पात्रे गोदामापर्यंत कशी पोहोचतात, तेथून सांगते.

सव्वा तास बेत आखण्याऐवजी तुमचे खेळाडू बेताचा प्रकार ठरवतील, म्हणजे चोरपावलांनी, फसवणुकीने, थेट हल्ला करून वगैरे, आणि त्याबरोबर एकच तपशील सांगतील. चोरपावलांचा बेत असेल तर आत कोठून शिरणार हा. ते म्हणतील, खाडीकडून होडीने. बस. मग टोळी प्रसंगात कोणत्या अवस्थेत उतरते हे ठरवणारा एक फासा पडतो, ज्याला एंगेजमेंट रोल म्हणतात, आणि कथा थेट होडी धक्क्याला लागलेल्या क्षणावर येते. कोणी काय सामान आणले हेही आधी ठरवायचे नसते. ओझे हलके, मध्यम की जड एवढेच सांगायचे, आणि दोर किंवा पहार लागेल तेव्हा ती जवळ होती असे सांगून ओझ्याची एक चौकट भरायची.

येथील फासा सहा बाजूंचाच असतो. कृतीतील कौशल्याएवढे फासे टाकायचे आणि सर्वांत मोठा आकडा पाहायचा. १ ते ३ म्हणजे काम बिघडले, ४ किंवा ५ म्हणजे काम झाले पण काही किंमत मोजावी लागली, ६ म्हणजे निर्वेध झाले. दोन फासे असतील तर पूर्ण अपयश २५ टक्के, किंमत देऊन यश सुमारे ४४ टक्के आणि निर्भेळ यश सुमारे ३१ टक्के, असे प्रमाण पडते. मधला तुकडा सर्वांत मोठा आहे आणि खेळाची सगळी चव त्यात आहे. ही कल्पना व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड'कडून आली. २०१० च्या त्या खेळात दोन फाशांची बेरीज ६ किंवा कमी, ७ ते ९ आणि १० किंवा अधिक अशा तीन भागांत वाचतात, आणि खेळ चालवणारी व्यक्ती फासे टाकतच नाही. पहारेकऱ्याची पाळी अशी वेगळी गोष्टच उरत नाही. खेळाडूच्या फाशाचा परिणाम म्हणूनच पहारेकरी काहीतरी करतो. तुमच्या अकरा पाळ्या अशा रीतीने नाहीशा होतात.

आता तुमच्या चिलखतवाल्याकडे वळते. 'ब्लेड्स'मध्ये गटाने सरपटत जायचे असेल तर एक जण पुढारी होतो, सर्व जण फासे टाकतात आणि सर्वांत चांगला निकाल सर्वांना लागू पडतो. मात्र ज्याचा निकाल १ ते ३ येईल अशा प्रत्येक माणसामागे पुढाऱ्याच्या स्ट्रेसची, म्हणजे मनावरच्या ताणाची, एक चौकट भरते. अशा चौकटी नऊच असतात, आणि त्या भरल्या की पात्र प्रसंगातून बाहेर पडते व मनावर कायमचा ओरखडा घेऊन परतते. म्हणजे धडपडणाऱ्या माणसाची किंमत पुढारी आपल्या अंगावर घेतो आणि बेत शाबूत राहतो. मला हा नियम मनापासून प्रिय आहे, कारण त्यात टोळीतल्या माणसांचे एकमेकांशी असलेले नाते फाशातून दिसते.

तुमचा मुकादम येथे फ्लॅशबॅकमधून येईल. टोळी आत असताना पहारेकरी अनपेक्षितपणे समोर आला, तर एखादी खेळाडू म्हणू शकते की मी परवाच मुकादमाला भेटून याच पहारेकऱ्याला आज दारू पाजायची व्यवस्था केली होती. घटना साधी असेल तर स्ट्रेस शून्य, थोडी ताणलेली असेल तर एक, फारच गुंतागुंतीची असेल तर दोन किंवा अधिक. आणि घंटा वाजण्याचा धोका तुम्ही सहा पाकळ्यांच्या घड्याळाने, म्हणजे कागदावर काढलेल्या वर्तुळाने, दाखवाल. प्रत्येक चुकीला एक-दोन पाकळ्या भरतात आणि सगळ्या भरल्या की मगच घंटा वाजते. एका फाशावर रात्र पालटत नाही.

दोष सांगितला नाही तर हा सल्ला अपुरा राहील. ४ आणि ५ इतक्या वेळा येतात की प्रत्येक वेळी नवी, पटण्याजोगी अडचण सुचवणे हे काम डीएमच्या डोक्यावर बसते. तिसऱ्या तासाला मी अक्षरशः थकलेली असे, आणि आठव्या-नवव्या सेशनपर्यंत माझ्या अडचणी एकसारख्या होऊ लागल्या होत्या.

कातळ यांचा प्रतिसाद

घाटवाट यांनी 'ब्लेड्स'चे वर्णन अचूक केले आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मी तो तुम्हाला सुचवणार नाही. तुम्ही स्वतः लिहिले आहे की तो सव्वा तास तुम्हाला फार आवडला. नकाशा काढणे, मुकादमाला फोडणे, खाडीकडून होडी लावणे, हे सगळे तुमच्या खेळाडूंनी आपणहून केले. 'ब्लेड्स' ते काम त्यांच्या हातून काढून घेतो आणि त्या जागी स्ट्रेसची चौकट देतो. फ्लॅशबॅकमध्ये दाखवलेली हुशारी पात्राची असते. तुमच्या टेबलावर खेळाडूंची हुशारी दिसली होती, आणि तिला फळ मिळाले नाही हेच तुमचे खरे दुःख आहे.

ज्याला जुन्या वळणाचा खेळ म्हणतात, त्यात हे फळ मिळते. २००० साली डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर खुला परवाना, म्हणजे नियम इतरांनाही वापरण्याची मुभा, आल्यामुळे पुढे लोकांना जुन्या आवृत्त्यांचे नियम नव्याने छापता आले. २००६ मधील 'ऑस्रिक' हे त्याचे सुरुवातीचे उदाहरण, आणि गॅव्हिन नॉर्मन यांचे २०१९ मधील 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' हे माझ्या मते सर्वांत स्वच्छ मांडणीचे. त्यात टॉम मोल्डव्हे आणि डेव्हिड कुक यांनी संपादित केलेले डी अँड डीचे १९८१ चे बेसिक आणि एक्स्पर्ट नियम जवळजवळ जसेच्या तसे आहेत. या पद्धतीत डीएम आधी विचारतो की बेत चालण्यासारखा आहे का. पात्रे पहारा बदलण्याच्या वेळी, अंधारात, खाडीकडून आली आणि त्या बाजूला त्या वेळी कोणी नसते ही माहिती खरी असेल, तर ती आत गेली. फासा नाही. जेथे निकाल खरोखरच अनिश्चित असतो, तेथेच फासा पडतो. पहिल्या पातळीच्या चोराची आवाज न करता चालण्याची शक्यता केवळ २० टक्के आहे हे पाहून नवे लोक दचकतात. पण तो आकडा बेत संपल्यानंतरचा शेवटचा आधार आहे हे लक्षात आले की खेळाडू फासा टाळण्यासाठीच डोके चालवू लागतात.

अनुभवाचे गुण कशाचे मिळतात ते पाहा, म्हणजे शैली कोठून येते ते कळेल. येथे लुटून सुरक्षित आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक गुण मिळतो. खातेवहीचे ३००० नाणी मोल देणारा गिऱ्हाईक असेल आणि डीएमने ती लूट धरली, तर पाच जणांना प्रत्येकी ६०० गुण मिळतील. चोराला दुसऱ्या पातळीसाठी १२०० लागतात, म्हणजे एका रात्रीत निम्मी वाट झाली. त्याच रात्री पहिल्या पातळीचे अकरा पहारेकरी मारले तर एकूण ११० गुण, प्रत्येकी २२. खातेवही विसरणे या हिशेबात शक्यच नाही.

लढाई झालीच तरी ती अडीच तास चालणार नाही, कारण मनोधैर्याचा नियम आहे. शत्रूपैकी पहिला पडला की आणि निम्मे पडले की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज त्यांच्या मनोधैर्याच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर ते माघार घेतात किंवा शरण येतात. पगारी पहारेकऱ्यांचे मनोधैर्य ७ धरले, तर प्रत्येक वेळी सुमारे ४२ टक्के शक्यता असते की ते हत्यार टाकतील. व्यापाऱ्याच्या खातेवहीसाठी अकराच्या अकरा माणसे मरेपर्यंत का लढली, हा प्रश्न तुमच्या टेबलावर कोणाला पडला नसेल तर तो पडायला हवा होता. हा एक नियम पाचव्या आवृत्तीत उचलून नेला तरी चालतो आणि मी तो अनेक वर्षे तसा वापरला आहे.

येथे पात्रे मरतात, हे मात्र आधी सांगून ठेवा. पहिल्या पातळीच्या चोराला चार बाजूंच्या फाशाएवढेच प्राण असतात आणि शून्याला मृत्यू येतो. दीड वर्षे जपलेली पात्रे या नियमांत आणू नका. नवी करा, त्याला पाव तास पुरतो, आणि तुमच्या नव्या खेळाडूला शीटवर शोधावे लागेल असे फारसे काही नसतेच.

दीपमाळ यांचा प्रतिसाद

मी वेगळ्या बाजूने पाहते. खातेवही हा पुरावा आहे, आणि पुरावा शोधणे हाच गाभा असेल तर १९८१ पासून चालत आलेला 'कॉल ऑफ कथुल्हू' हा साध्या माणसांनी भयानक गूढांचा तपास करण्याचा खेळ विचारात घ्यावा. नवख्या माणसाला समजायला याहून सोपा फासा मी पाहिलेला नाही. कौशल्यापुढे ४५ लिहिले असेल तर शंभरात ४५ किंवा त्याखाली आले पाहिजे. अवघड कामाला निम्मे, अतिअवघड कामाला पाचवा हिस्सा. सातव्या आवृत्तीत फसलेला फासा पुन्हा टाकण्याची मुभा आहे, पण त्यासाठी पात्र आणखी काय धोका पत्करते हे सांगावे लागते, आणि दुसऱ्यांदा फसल्यास परिणाम वाईट होतो. तुमचा चिलखतवाला, म्हणजे येथे जाड बुटांचा कोणी प्राध्यापक, पुन्हा प्रयत्न करतो तो हे ओझे डोक्यावर घेऊनच. लढाई येथे कोणी हौसेने करत नाही. माणसाचे प्राण बारा-तेरा असतात, साध्या पिस्तुलाची गोळी १ ते १० काढते, आणि अकरा पहारेकरी दिसले की सगळे होडीकडे धावतात.

पण या पद्धतीचा जुना दोष नेमका तुमच्या चोरीसारखा आहे: महत्त्वाचा पुरावा फासा फसल्यामुळे हाती लागला नाही की कथा अडते. केनेथ हाइट यांच्या २००८ मधील 'ट्रेल ऑफ कथुल्हू'ने, रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' नियमांवर उभे राहून, त्यावर सरळ उपाय केला. योग्य कौशल्याचा माणूस योग्य ठिकाणी पाहील तर पुरावा मिळतोच. फासा पडतो तो धोक्यासाठी, आणि खेळाडूंचे कौशल्य पुराव्यांचा अर्थ लावण्यात लागते.

लढाई आवडणाऱ्या तुमच्या दोघांना यातले काहीच रुचणार नाही, म्हणून कायमची पद्धत म्हणून मी हा आग्रह धरत नाही. भाषेविषयी मात्र एक निरीक्षण सांगते. आमचा गटही मराठीत खेळतो, आणि पाचव्या आवृत्तीत अर्धी वाक्ये शक्तींच्या इंग्रजी नावांनी भरलेली असत. ज्या पद्धतींत खेळाडू आधी पात्र काय करते ते सांगतो आणि त्यावरून नियम लागू होतो, तेथे मराठी पूर्ण वाक्यांत चालते. आमच्यातील सर्वांत अबोल मुलगी तेव्हापासून बोलू लागली.

माळवद

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळे प्रतिसाद मी रविवारी गटाला मोठ्याने वाचून दाखवले. गटाने मिळून फासा टाकण्याचा नियम कोणालाच माहीत नव्हता, आणि चिलखतवाल्या मित्राने तो वाचल्यावर पुस्तक उघडून तीनदा खात्री करून घेतली. मनोधैर्याचा नियम आम्ही पुढच्या शनिवारपासूनच घेत आहोत. सध्याची कॅम्पेन थांबवून सहा शनिवार वेगळे काही खेळण्यास सर्व तयार आहेत; कट आवडणाऱ्या दोघींचा कल कातळ यांच्या बाजूला होता, पण नव्या खेळाडूने 'ब्लेड्स' निवडला, आणि तिने काही निवडण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे सर्वांनी ते मानले. आता दोन शंका. लढाईप्रिय दोघांना त्यात काय द्यावे? आणि दोघींची बेत आखण्याची हौस पूर्णपणे सोडून द्यावी लागेल का?

घाटवाट

पहिल्या शंकेचे उत्तर 'कटर' हे पात्र आहे. त्याची एक शक्ती अशी आहे की स्वतःला ताणून, म्हणजे दोन स्ट्रेस घेऊन, तो जवळच्या लढाईत एकटा एका लहान टोळीला बरोबरीने भिडू शकतो. तुमच्या पहारेकऱ्यांपैकी पाच-सहा जण एका फाशात, एका वर्णनात आणि कदाचित एका जखमेत आटोपतील, आणि ते वर्णन तुमच्या मित्राने करायचे. दुसऱ्या मित्राला 'हाउंड' द्या. लांबून नेम धरणारा माणूस टोळीला लागतोच. डावपेचांची पटावरची मजा मात्र येथे नाही, हे दोघांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते दुसऱ्या शनिवारी हिरमुसतील.

दुसऱ्या शंकेत कातळ यांचे म्हणणे मी काही अंशी मान्य करते. चोरीपूर्वी माहिती गोळा करण्याचा टप्पा 'ब्लेड्स'मध्येही आहे आणि बहुतेक गट तो घाईने उरकतात. तुम्ही तो घाईने उरकू नका. दोघींना प्रत्येकी एक भेट खेळू द्या: एकीला मुकादमाची, दुसरीला गोदामाच्या कारकुनाची किंवा होडीवाल्याची. त्या भेटींतून जे निघेल त्याचे एंगेजमेंट रोलला जास्तीचे फासे द्या. नियम तसे करायला सांगतातच. नकाशाही काढू द्या, पण अर्ध्या तासाचे घड्याळ लावा आणि वेळ संपली की जेथे असतील तेथून होडी धक्क्याला लावा.

कातळ

अर्धा तास पुरेसा आहे, याला माझी हरकत नाही. फक्त त्या भेटींत कळलेली गोष्ट पुढे खरीच ठेवा. मुकादमाने पहारा बाराला बदलतो असे सांगितले असेल आणि तो खोटे बोलत नसेल, तर बाराला त्या धक्क्यावर कोणी नसावे, फासा काहीही पडो. आणि सुरुवात कोठून करावी असे विचाराल, तर खातेवही अजून गोदामातच आहे. पहारेकरी मेले, व्यापारी जिवंत आहे, त्याने पहारा दुप्पट केला असेल आणि वही हलवण्यासाठी गाडी सांगितली असेल. तुमच्या जुन्या पात्रांना शहराबाहेर पडू द्या आणि ती गाडी निघण्याच्या आदल्या रात्री नवी टोळी खाडीत आणा.